केजन मसाला घरी करायचा असेल तर मीठ डब्याबाहेर ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: पाकिटातला केजन मसाला महाग पडतो आणि खारट असतो. घरी करून पाहिला तर कडवट लागला, पॅप्रिका (जवळजवळ बिनतिखट लाल मिरचीची पूड) मिळाली नाही म्हणून काश्मिरी घातली तर भलताच तिखट झाला. शिवाय केजन आणि क्रिओल हे एकच की वेगळे?

आधी शेवटच्या प्रश्नाचे बघू, कारण त्यावरून प्रमाण ठरते. दोन्ही अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातले. केजन म्हणजे कॅनडातल्या अकेडियातून १७५५ नंतर इंग्रजांनी हुसकून लावलेल्या फ्रेंच भाषकांचे वंशज. ते लुईझियानाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला, दलदलीच्या आणि शेतीच्या भागात वसले. त्यांचे जेवण एका भांड्यातले, मिरी-मिरचीवर उभे असलेले. क्रिओल हे न्यू ऑर्लिन्स शहराचे जेवण. त्यात फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी, कॅरिबियन असे सगळे मिसळले. त्यात टोमॅटो जास्त, लोणी जास्त, सुकी पाने जास्त. त्यामुळे ढोबळ हिशेब असा, की केजन मसाल्यात मिरी-मिरची पुढे आणि क्रिओलमध्ये थाइम, ओरेगॅनो, बेसिल पुढे. पण पाकिटावरच्या नावावर फार जाऊ नका. टोनी सॅशरी यांचे ‘क्रिओल’ नावाने विकले जाणारे हिरव्या डब्यातले मिश्रण न्यू ऑर्लिन्सचे नाही, ते १९७२ पासून ओपेलुसस या ऐन केजन मुलखातल्या गावातून येते. आणि त्याच्या घटकांत पहिले नाव मिठाचे आहे, पॅप्रिका तर नाहीच.

मुळात लोक चुकतात ते इथेच. केजन मसाल्याला आपण गरम मसाल्याचा भाऊबंद समजतो. भाजायचा, वाटायचा, तेलात परतायचा. हा तसला मसाला नाही. यात भाजण्याचा प्रकारच नाही आणि खडे मसाले म्हणाल तर फक्त मिरी. चाट मसाला आपण जसा वरून भुरभुरतो, त्याच्या जवळचे हे काम आहे: मीठ-मिरीच्या जागी वापरायचे तयार मिश्रण. एवढे डोक्यात पक्के असले की भाजणे, जिरे-धणे घालणे, फोडणीत टाकणे या तिन्ही चुका आपोआप टळतात.

बिनमिठाचे मूळ मिश्रण, साधारण ७५ ग्रॅमचे. चमचा म्हणजे ५ मिलीचा सपाट मोजमापाचा चमचा. घरातला पोह्यांचा चमचा घेऊ नका, तो कुठल्याही मापाचा असतो.

गोड पॅप्रिका ३० ग्रॅम (१३ चमचे)
लसूण पावडर १५ ग्रॅम (५ चमचे)
कांदा पावडर १० ग्रॅम (४ चमचे)
काळी मिरी, ताजी भरडलेली, ६ ग्रॅम (अडीच चमचे)
कायेन मिरचीची पूड ६ ग्रॅम (३ चमचे, वर किंचित)
पांढरी मिरी पूड ४ ग्रॅम (पावणेदोन चमचे)
सुका ओरेगॅनो ३ ग्रॅम (३ चमचे)
सुका थाइम ३ ग्रॅम (३ चमचे)

क्रिओलकडे झुकवायचे असेल तर कायेन ३ ग्रॅमवर आणा, ओरेगॅनो आणि थाइम प्रत्येकी ४ ग्रॅम करा, सुके बेसिल ३ ग्रॅम घाला. मिळाले तर सेलरीचे बी १ ग्रॅम कुटून घाला. त्याहून जास्त नको, ते फार लवकर कडवट होते.

आता मीठ. अर्धा किलो चिकनला या मिश्रणाचे ३ सपाट चमचे, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम पुरतात आणि मीठ लागते ६ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा एक चमचा. एकाच डब्यातून दोन्ही काम भागवायचे तर डब्यात जवळजवळ निम्मे मीठच भरावे लागेल. विकतच्या डब्यांत मीठ पहिल्या क्रमांकावर का असते, ते यावरून कळावे. कंपनी फसवते असे नाही. बटाट्यावर भुरभुरायला ते बरोबरच असते. पण तोच डबा जांबालायात, म्हणजे लुईझियानाच्या सॉसेज घातलेल्या भातात, वापरा. त्यात खारवलेले सॉसेज आहे, मीठ घातलेला स्टॉक आहे, आणि भात पाणी शोषून घेतो तसे मीठ आणखी जाणवू लागते. तिखटपणा आणि वास पुरेसा यायच्या आधी पदार्थ खारट झालेला असतो, आणि मग तो सुधारत नाही. मीठ वेगळे ठेवले की हा पेचच उरत नाही. शिवाय मीठ जड असते. डबा महिनाभर हलत राहिला की ते तळाशी बसते, आणि पहिला चमचा अळणी, शेवटचा खारट निघतो.

तरीही मिठासकट छोटा डबा हवा असेल, पॉपकॉर्नसाठी, मक्याच्या कणसासाठी, तर बिनमिठाच्या २० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम बारीक मीठ मिसळून वेगळा करा.

तीन तिखटांचे गणित नीट समजून घ्या, कारण ‘पाकिटासारखी चव येत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. पॉल प्रुडोम हा ओपेलुससजवळ वाढलेला केजन खानसामा. त्याने १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये के-पॉल्स नावाचे रेस्टॉरंट काढले आणि हे जेवण अमेरिकाभर पोहोचवले. त्याचा भर लाल, काळी आणि पांढरी अशा तीन मिऱ्या-मिरच्या एकत्र वापरण्यावर होता. चाखून पाहिले तर कारण पटते. काळी मिरी जिभेवर लगेच लागते आणि तिला वासही आहे. पांढरीचा झणका जरा मागून, घशाकडे येतो. लाल मिरचीची धग सर्वांत शेवटी येते आणि रेंगाळते. लाल तिखटच वाढवत गेलात तर तोंड भाजते, पण चव सपाट राहते. म्हणून पांढरी मिरी ‘नाही मिळाली तर सोडून द्या’ म्हणण्यासारखी नाही. मात्र विकत घेताना हुंगून घ्या. पिकलेले मिरे पाण्यात कुजवून साल काढतात. ते काम नीट झालेले नसेल तर पुडीला गोठ्यासारखा वास येतो आणि तो पूर्ण मिश्रणात उतरतो. चांगली पांढरी मिरी मिळाली नाही तर काळी ८ ग्रॅम करा.

पॅप्रिकेच्या जागी काश्मिरी चालते, पण वजनास वजन नाही. गोड पॅप्रिकेत तिखटपणा जवळजवळ नसतो. ती रंग, थोडी गोडी आणि मिश्रणाचा भरणा म्हणून आहे. काश्मिरी सौम्य म्हणतात ती आपल्या इतर मिरच्यांच्या तुलनेत. ३० ग्रॅम काश्मिरी आणि वर ६ ग्रॅम कायेन घातली तर तिखटजाळ होणारच. पूर्ण बदल करायचा तर काश्मिरी २५ ग्रॅम घ्या, कायेन आधी अजिबात घालू नका, चव पाहून मग एकेक ग्रॅम वाढवा. त्याहून बरे म्हणजे निम्मी पॅप्रिका आणि निम्मी काश्मिरी. कायेनसाठी साधे लाल तिखट चालते, लवंगी मिरचीचे असेल तर निम्मे घ्या. घरचे, तेलाचा हात लावून कुटलेले तिखट मात्र यात नको. त्याने मिश्रणाचे गोळे होतात. कांदा-लसूण मसालाही नको, त्यात धणे-खोबऱ्यापासून सगळे आधीच आहे.

धुरकट पॅप्रिका हल्ली सर्रास घालतात. चवीला वाईट नाही, पण ती स्पेनची सवय आहे. लुईझियानात धुराचा वास आंदुई सॉसेजमधून आणि तासो नावाच्या मसाला लावून धुरावलेल्या डुकराच्या मांसातून येतो. घरात यातले काही नसेल आणि तो वास हवाच असेल तर ३० पैकी ५ ग्रॅम धुरकट घ्या. पूर्ण ३० ग्रॅम धुरकट घेतली तर बाकी सगळ्याचा पत्ता कट.

अमेरिकन पाककृती वाचताना एक घोळ होतो. त्यात ‘चिली पावडर’ लिहिलेले असते आणि आपण ते लाल तिखट समजतो. तिकडची चिली पावडर म्हणजे मिरची, जिरे, ओरेगॅनो, लसूण यांचे तयार मिश्रण, टेक्सासकडच्या पदार्थांचे. दोन चमच्यांच्या जागी दोन चमचे लाल तिखट पडले की पदार्थ हातचा गेला. आणि जिरे केजन मसाल्यात घातलेत तर तो केजन राहत नाही, टॅको मसाल्यासारखा लागतो. धणे येतात, पण कोळंबी-खेकडे-क्रॉफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव) उकडण्याच्या मसाल्यात: मोहरी, धणे, बे लीफ, बडीशेपेसारखे शेपूचे बी, ऑलस्पाइस, हे सगळे अख्खे आणि पुरचुंडीत. तो वेगळा प्रकार, त्याची पूड करून या डब्यात ढकलू नका.

पानांचा विषय निघालाच आहे तर तमालपत्राबद्दल. क्रिओल पाककृतीतले ‘बे लीफ’ आपले तमालपत्र नव्हे. आपल्या पानावर देठापासून टोकापर्यंत तीन उभ्या शिरा दिसतात आणि वास दालचिनी-लवंगेकडचा. त्यांच्या पानाला मधली एकच शीर, वास निलगिरीकडे झुकणारा. तमालपत्राची पूड घातली तर मिश्रणाला पुलावाचा वास लागतो. खरे बे लीफ मिळाले तरी ते भांड्यात अख्खे टाका आणि शेवटी काढा. पूड करायचीच तर ७५ ग्रॅमला अर्धा ग्रॅम, अगदी बारीक आणि चाळून.

ओरेगॅनोसाठी पिझ्झाबरोबर साठवलेल्या पुड्या फोडायचा मोह होतो. त्यावर बारीक अक्षरांत घटक वाचा. बहुतेकांत ओरेगॅनोबरोबर मीठ आणि इतर मसाले असतात, तो निव्वळ ओरेगॅनो नसतो. थाइमच्या जागी ओवा सुचवणाऱ्यांचे अगदीच चूक नाही, दोन्हींत थायमॉल हाच वासाचा घटक आहे. पण ओव्यात तो कितीतरी जोरकस असतो. ३ ग्रॅम थाइमच्या जागी पाव चमचा ओवा कुटून, बस. त्याहून जास्त झाला की भजी आठवतात.

कांदा आणि लसूण पावडर विकतचीच घ्या असे माझे मत आहे. गुजरातेत महुवा आणि आपल्याकडे जळगाव इथे कांदा सुकवण्याचे मोठे उद्योग आहेत, त्यामुळे चांगली पांढऱ्या कांद्याची पावडर सहज मिळते. घरी करायचीच तर कांद्याच्या ३ मिलिमीटर जाडीच्या चकत्या ओव्हनमध्ये किंवा डिहायड्रेटरमध्ये ६० अंशांवर ८ ते १० तास ठेवा. ओव्हनचे दार चमच्याने किलकिले ठेवा म्हणजे वाफ बाहेर पडेल. चकती वाकली तर ओली आहे, टचकन मोडली तर झाली. एक किलो कांद्याची जेमतेम १०० ते १२० ग्रॅम पावडर होते. तापमान वाढवून वेळ वाचवायला गेलात तर कांदा आणि विशेषतः लसूण तांबूस होतो, आणि तो कडवटपणा नंतर कशानेही झाकत नाही. बिर्याणीचा तळलेला कांदा वाटून घालू नका, त्यातल्या तेलाने मिश्रण आठवड्यात खवट होते.

लसूण घेताना मिळाली तर रवाळ घ्या. पिठासारखी बारीक पावडर ओल्या मांसावर चिकटून लगदा होते आणि तव्यावर आधी जळते.

करायची रीत सोपी आहे, घाई तेवढी नको. मिरी मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सलग फिरवली की भांडे तापते, वास उडतो. भरड बारीक रव्याइतकी हवी. ती पूर्ण गार होऊ द्या, कारण गरम मिरीतली वाफ कांदा-लसूण पावडर ओढून घेते आणि गुठळ्या होतात. ओरेगॅनो आणि थाइम तळहातावर चोळून घ्या, काड्या निवडून टाका. पानांची मिक्सरमध्ये धूळ करू नका. धूळ झालेली पाने रंग मळकट करतात आणि चवीला वाळल्या गवतासारखी लागतात. मग बाकीच्या पुडी मध्यम चाळणीतून एकत्र दोनदा चाळा, शेवटी मिरी आणि पाने हाताने मिसळा. लगेच वापरलात तर लसूण एका बाजूला आणि मिरी दुसऱ्या बाजूला लागते. बंद बरणीत दोन दिवस राहू द्या.

चव बोटावर घेऊन पाहू नका. सुकी कांदा-लसूण पावडर कोरडी चाटली की कडूच लागते. उकडलेला अर्धा बटाटा कुस्करा, त्यात एक चमचा वितळलेले लोणी, पाव चमचा मिश्रण आणि चिमूट मीठ घाला, दहा मिनिटे थांबा आणि मग खा. नुसते तिखट लागले तर पॅप्रिका ५ ग्रॅम आणि कांदा पावडर २ ग्रॅम वाढवा. औषधासारखे लागले तर थाइम किंवा ओवा जास्त झालाय, बाकी सगळे निम्म्या प्रमाणात पुन्हा घालून पातळ करणे एवढाच उपाय. मातकट लागले तर पॅप्रिका जुनी आहे. तिथे दुरुस्ती नाही, नवी आणा. आणि ‘काहीच चव नाही’ वाटले तर आधी आणखी चिमूटभर मीठ घालून पाहा. दहापैकी नऊ वेळा तेवढेच कमी असते.

वापरताना जे बिघडते ते बहुतेक आचेमुळे. तापल्या तेलात हे मिश्रण टाकले की पॅप्रिकेतली साखर आणि लसूण अर्ध्या मिनिटात करपतात. गम्बो (लुईझियानाचा दाट रस्सा) किंवा जांबालाया करताना आधी कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची मऊ होऊ द्या. या भाज्यांचे पाणी सुटलेले असताना मिश्रण घाला, मिनिटभर हलवा आणि लगेच स्टॉक ओता. दोन कप तांदळाच्या जांबालायाला साडेचार चमचे पुरतात: तीन सुरुवातीला, बाकीचे भात शिजत आल्यावर चव पाहून. गम्बोला शेवटी लागणारी फिले, म्हणजे सॅसाफ्रास झाडाच्या सुक्या पानांची पूड, या मिश्रणात कधीच मिसळू नका. ती गॅस बंद केल्यावर घालायची असते, उकळली की रस्सा तार धरतो.

मग प्रश्न येतो, की ‘ब्लॅकन्ड’ मासा तर मुद्दाम काळा करतात, तो कडू का होत नाही? प्रुडोमच्या या पदार्थाने १९८० च्या दशकात रेडफिशला इतकी मागणी आली, की मेक्सिकोच्या आखातात त्या मासेमारीवर निर्बंध आणावे लागले. त्यात तेल तापवायचेच नसते. बिडाचा तवा कोरडा, पाण्याचा थेंब नाचत उडून जाईल इतका तापवतात. मासा वितळलेल्या लोण्यात बुडवून, मिश्रण आणि मीठ दोन्ही बाजूंना लावून त्यावर ठेवतात. दीड सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला एका बाजूला दोन मिनिटे. काळा होतो तो लोणी-मसाल्याचा पातळ थर, आणि मासा आतून रसदार राहतो. सुरमई किंवा रावस चालतो, पापलेट नाजूक पडतो. तुकडा जाड घेतलात तर आत शिजेपर्यंत वरचा थर कोळसा होतो. कडू होतो तो इथे. धूर भरपूर होतो, चिमणी पुरत नाही. शक्य असेल तर गॅलरीत शेगडी लावा. नॉनस्टिक तवा इतका तापवायचा नाही.

आपल्याकडच्या बार्बेक्यू रेस्टॉरंटांमुळे केजन म्हटले की अनेकांना मेयोनेजमध्ये बुडवलेले तळलेले बटाटे आठवतात. लुईझियानात याला कोणी ओळखणार नाही, पण घरी करायला काय हरकत आहे? १०० ग्रॅम मेयोनेजला दोन चमचे मिश्रण, एक चमचा लिंबाचा रस, दोन चमचे दूध. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा म्हणजे सुकी लसूण भिजून फुलेल, लगेच खाल्ले तर ती दाताखाली कचकच लागते. मेयोनेजमध्ये मीठ असते, वेगळे घालू नका.

साठवण काचेच्या कोरड्या बरणीत, अंधाऱ्या फडताळात. ओट्यावर शेगडीच्या बाजूला रंग छान दिसतो म्हणून ठेवू नका. उजेडाने पॅप्रिकेचा लाल रंग विटतो आणि वाफेने कांदा पावडर दगड होते. बरणी उकळत्या भांड्यावर उलटी करून मसाला घालायची सवय असेल तर मोडा, कोरड्या वाटीत काढून घ्या. तीन महिने मिश्रण उत्तम राहते, सहा महिन्यांनी विषारी होत नाही पण वास उरत नाही. म्हणून ७५ ग्रॅमच करा, पाव किलो नको. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवणे बरे, मात्र बरणी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, अर्धा तास तरी, झाकण उघडू नका. थंड बरणीत दमट हवा शिरली की आतल्या आत दव धरते. विकतच्या मसाल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून सिलिकॉन डायऑक्साइड घालतात. घरच्यात थोड्या गुठळ्या झाल्या, वास चांगला असला आणि बुरशी नसली तर चाळून वापरा. पॅप्रिकेत आणि तिखटात बारीक तपकिरी किडे फार लवकर होतात. नवी पाकिटे आणल्यावर न फोडता आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून पूर्ण कोरडी होऊ द्या, आणि मग मिश्रणाला लागा.